उजव्या खांद्यामागची पावलं

कप्सिगोर, २ जून १९९१

ताई,

पाकिटावरचा पत्ता जेलागाटच्या हातचा आहे. माझं अक्षर पाहून तू हे न फोडताच चुलीत घातलं असतंस, म्हणून बायकोला लिहायला बसवलं. फसवलं म्हण हवं तर. फोडलंच आहेस, तर आता वाच.

मला मुलगा झाला. तीन मुलींच्या पाठीवर, चार मेला. बाळ-बाळंतीण दोघं सुखरूप. पण महिना होत आला तरी पोराला नाव नाही. नाहीतर तुला पत्र लिहायचं धाडस सात वर्षांत झालं नव्हतं, ते आजही झालं नसतं.

सासूबाई मुक्कामाला आल्या आहेत. सगळं गाव त्यांना कोगो म्हणतं, आजी, म्हणून मीही तेच म्हणतो. चौथ्या दिवशी कोगोनं पोराच्या नाकाशी तपकीर धरली आणि आपल्या घरातल्या गेलेल्यांना एकेक करून हाका मारल्या. बाबांना मारली. आजोबांना मारली. तिला ठाऊक होते तेवढे सगळे संपले. पोरगं ढिम्म. ज्याच्या नावाला शिंकेल तो परत आला, हे मी तुला काय सांगायचं! पण हा कुणाच्याच नावाला शिंकेना. कोगो स्वतःच सात वेळा शिंकली. बायका आधी हसल्या, मग एकमेकींकडे बघायला लागल्या.

पाद्रीबुवा म्हणाले, "सॉलोमन ठेवा आणि मोकळे व्हा."

"सॉलोमन तुमच्या देवळात ठेवा," कोगो म्हणाली. "माझ्या मांडीवर कोण आलंय ते कळल्याशिवाय मी इथून हलायची नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "एक नाव मी घेतलेलं नाही. कोवळ्या वयात परमुलखात जीव गेलेल्याला परक्या बाईनं हाक मारू नये. ज्या कडेवर तो वाढला, ती कड मारेल. पोराला आत्या आहे ना?"

आहे म्हणालो. केरिचोला चहाच्या मळ्यावर असते म्हणालो.

आई गेल्यावर तू आम्हा दोघांना वाढवलंस. मी तुझ्या मागून चालत यायचो, चेसिरे तुझ्या कडेवर. आत्या जिवंत असताना तिच्या पाठीमागे नाव ठेवायचं नसतं. ये. माझ्याशी बोलू नकोस, पण ये.

तुझा,
किमोसोप


कप्सिगोर, १९ जून

ताई,

उत्तर नाही. असू दे. गाई आटतात तसं टपालही आटतं, अशी मनाची समजूत घालून पुन्हा लिहितोय.

गावाकडचं सांगतो. मक्याची गिरणी बरी चालते. दारावर लोकांनीच 'सुवर्ण गिरणी' असं रंगवलंय, मी नको म्हणत होतो. ऑगस्टमध्ये शाळेच्या मैदानावर चेसिरेच्या नावाची शर्यत असते, तिचं हे सातवं वर्ष. दरवर्षी मुख्याध्यापक मला भाषणाला उभं करतात आणि मी सांगतो की माझा धाकटा भाऊ ताप लपवून देशासाठी धावला. लोक डोळे पुसतात. परदेशातल्या त्या शर्यतीचा फोटो मोठा करून व्यासपीठावर लावतात. आपल्या देशाचे तिघं, पहिला, दुसरा, तिसरा, मागे एकसारखे तीन झेंडे. मधे मी. डावीकडे नांदीकडचा आपला गडी. उजवीकडे चेसिरे. नांदीकडचा कॅमेऱ्याकडे बघतोय. चेसिरे माझ्याकडे बघतोय.

मी आता पळत नाही. कुणी विचारलं तर गुडघा सांगतो. गुडघा ठणठणीत आहे.

खरं सांगतो आणि तू हसू नकोस. पळायला लागलं की उजव्या खांद्यामागे पावलं वाजतात. भर दुपारी, मोकळ्या रस्त्यावर. दर चौथ्या पावलाला नाक ओढल्याचा आवाज. आठवतं, आई त्याला म्हणायची, "नाक शिंकर रे, गाव जागं करशील!" आणि मला म्हणायची, "तू माझ्या चेम्वेनो आजोबाच्या चालीनं चालतोस, गुरं तुझ्याआधी घरी पोचतात." ती नाक ओढायची लकब मी आणखी कुणाची ऐकलेली नाही. म्हणून पळणं सोडलं. तर आता चालतानाही येतात. मी रस्त्याच्या उजव्या कडेनं, कुंपणाला खांदा घासत चालतो, म्हणजे त्या बाजूला कुणाला जागाच उरू नये. जेलागाट म्हणते, तुमचे सदरे एकाच बाजूनं कसे फाटतात?

आणि हे पोर. त्याला उचललं की ते माझ्या तोंडाकडे बघत नाही. माझ्या खांद्यावरून मागे बघतं. उजव्या.

तुझा राग विमानतळाचा आहे, हे मला ठाऊक आहे. तू गावच्या लोकांबरोबर मालट्रकमध्ये बसून नैरोबीला आली होतीस. काखेत परतणाऱ्यांना पाजायचे मुर्सिकचे दोन तुंबे, कोळसा लावून आंबवलेल्या दुधाचे. एक माझा, एक त्याचा. मला पाजलंस, पितापिता माझ्या गळ्यावरून दूध ओघळलं, बायकांनी गाणं धरलं. मग तू विचारलंस, "चेसिरे कुठाय?"

मी म्हणालो, "थकलाय. पुढच्या विमानानं येतोय."

तेव्हा त्याला जाऊन दीड दिवस झाला होता. संघाबरोबरच्या एका साहेबांनी सांगितलं होतं की हारतुरे आणि भाषणं होईपर्यंत तोंडातून शब्द काढू नकोस. पण साहेब काही माझा गळा धरून उभे नव्हते. तू दुसऱ्या तुंब्याचं झाकण घट्ट केलंस आणि म्हणालीस, "मग हे त्याच्यासाठी ठेवते, जास्त आंबलं तर त्याला आणखीच आवडेल." आणि मी हसलो. ताई, मी हसलो.

तो तुंबा तू माझ्या आढ्याला टांगून गेलीस, तो अजून तिथंच आहे. मी कधी काढला नाही आणि उघडला नाही.

एवढं कबूल केलं. आता तरी ये.

किमोसोप


कप्सिगोर, ७ जुलै

ताई,

मळ्यावरून आपल्या गावचा एक ट्रकवाला आला होता. त्याच्याकडे तुझी चौकशी केली. तू मळ्याच्या दवाखान्यात असशील, पांढऱ्या कपड्यात, सुया उकळत, असं मी सात वर्षं धरून चाललो होतो. तो म्हणाला, "जेबिवोटबाई? त्या पानं तोडतात की. दवाखाना केव्हाच सोडला. म्हणतात, मी दिलेलं औषध लागू पडत नाही, माझ्या हातात दोष आहे."

त्यानंतर दोन दिवस मला भाकरतुकडा गेला नाही. आता लिहितो ते एकदाच लिहीन.

तू आम्ही निघताना कागदाच्या पुडीत गोळ्या बांधून माझ्याकडे दिल्या होत्यास. "त्याला खोऱ्यातला ताप धरतो. कणकण आली की लगेच दे, आणि तिथल्या डॉक्टरला सांग." शर्यतीच्या दिवशी सकाळी चेसिरे दोन पांघरुणं घेऊन कुडकुडत होता, आणि बाहेर इतकं ऊन की डांबर मऊ झालेलं.

"दादा, आलाय तो. ताईच्या गोळ्या दे."

मी म्हणालो, "त्या घेतल्या की तुझ्या अंगाला खाज सुटते आणि पायात गोळे येतात. संध्याकाळी शर्यत झाल्यावर घे."

"मग डॉक्टरला सांगतो. मी आज पळत नाही."

इथंच सगळं घोडं पेंड खातं, ताई. आम्हाला पळायला शिकवणाऱ्या गुरुजींचा बेत असा होता की मी बैलासारखा पुढे ओढायचं, बाकीच्या देशांच्या गड्यांचा दम काढायचा, आणि शेवटच्या फेरीत चेसिरेनं निघून जायचं. त्याच्या पायात ती शेवटची उडी होती, माझ्या नव्हती. पदक त्याचं ठरलं होतं. मी ओढणारा. त्याआधीची चार वर्षं मी ओढणाराच होतो. शेवटच्या फेरीची घंटा वाजायची तेव्हा मी नेहमी मागे पडलेला असायचो आणि लोक दुसऱ्याच कुणाचं तरी नाव घेऊन ओरडत असायचे.

मी त्याला म्हणालो, "आज उलट करू. तू ओढ. पंचवीसांतल्या बारा फेऱ्या जोरात काढ आणि बाजूला होऊन बस, कुणी काही म्हणणार नाही. पुढचं मी बघतो. डॉक्टरला सांगितलंस तर मी आणि नांदीकडचा दोघंच उरतो, आणि दोघांना ते लोक घेरतात."

त्यानं पांघरुणातून माझ्याकडे बघितलं आणि हसला. "म्हणजे आज तू चेसिरे आणि मी किमोसोप? बरंय. पण आई असती तर म्हणाली असती, चालतोस काय असा!"

मी त्याला अंगदुखीच्या दोन गोळ्या दिल्या, कपाळ ओल्या टॉवेलनं पुसलं, ताप कुणाच्या हाताला लागू नये म्हणून. तुझी पुडी बॅगेतच राहिली. दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. पुरताना तू मला विचारलंस, "गोळ्या दिल्यास का?" मी म्हणालो, "दिल्या. लागू पडल्या नाहीत."

दिल्या नव्हत्या. पुडी अजून माझ्याकडे आहे, तू मारलेली गाठही तशीच आहे. तुझ्या हातात काही दोष नाही. कधीच नव्हता.

देशासाठी वगैरे काही नव्हतं. मला एकदा घंटा वाजताना पुढे असायचं होतं.

आता तू येणार नाहीस, हे मला दिसतंय. तरी हे पत्र टाकतो.

किमोसोप


कप्सिगोर, २८ जुलै

ताई,

तू आलीस, आणि मी नेमका एल्डोरेटला गिरणीचा पट्टा आणायला गेलेला. की मी बाहेर पडेपर्यंत तू फाट्यावर थांबली होतीस? जेलागाट म्हणते, तुझ्या पायांवर धूळ नव्हती, म्हणजे बसून आली असशील. कोगो म्हणते, तुझे हात बघवत नाहीत, पानांच्या डागांनी काळे पडलेत.

जेलागाटनं सगळं सांगितलं. तू चहासुद्धा घेतला नाहीस. आधी म्हणालीस, "तो तुंबा काढा खाली." शिडी लावून काढला. तू झाकण काढून वास घेतलास, म्हणालीस, "वाळून खडखडीत झालंय," आणि तुंबा पदराखाली घेतलास. मग पोराला मांडीवर घेतलंस आणि सगळ्यांना बाहेर काढलंस. कोगोलासुद्धा! ती अजून फुगून बसली आहे. म्हणते, "माझी तपकीर, माझा नातू, आणि मीच उंबऱ्याबाहेर."

दाराआडून त्यांना तुझा आवाज ऐकू येत होता, शब्द नाही. तू बराच वेळ हाका मारत होतीस. मधेच गप्प झालीस. जेलागाटला वाटलं, रडते आहेस. मग पुन्हा हाका. आणि मग पोर शिंकलं. जेलागाट म्हणते, एवढ्याशा नाकातून एवढा आवाज, अंगणातली कोंबडी उडाली.

त्या धावत आत आल्या. कोगोनं विचारलं, "कोण? कोण आलं, बाई?"

तू म्हणालीस, "नाव माझ्याजवळ आहे."

"अगं, मग सांग की!"

"त्याच्या बापाला सांगा, पत्रात लिहिलंस ते मी वाचलं. पत्र एकटीला लिहिता येतं. त्या दिवशी दूध साऱ्या गावासमोर प्यायलास. शर्यतीच्या दिवशी मैदानावर उभा राहा, आणि दरवर्षी जे बोलतोस त्याच्या जागी पत्रातलं बोल. मग मी नाव पाठवीन. नाही बोललास तर पोर असंच वाढू दे. लोक 'अरे' म्हणून हाक मारतील. त्यालाही माणूस ओ देतो."

आणि निघून गेलीस.

पोरीसुद्धा आता विचारतात, बाबा, आत्यानं कुठली गोष्ट बोलायला सांगितलीय? जेलागाट विचारत नाही. तिनं तुझ्या तोंडून ऐकलं तेवढ्यावरून तिला काय कळायचं ते कळलं असावं. परवा रात्रीपासून ती माझं ताट वाढून निघून जाते, समोर बसत नाही.

आणि ताई, ते नाव मला ठाऊक आहे. दुसरं कुणाचं असणार? तो आलाय. माझ्याच घरात आलाय. सकाळी त्याला उचलतो तेव्हा तो माझ्या उजव्या खांद्यावरून बघतो आणि मला वाटतं, आता हा नाक ओढणार. मला माझ्या पोराची भीती वाटते. तीन महिन्यांच्या पोराची. हे मी तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

किमोसोप


कप्सिगोर, ११ ऑगस्ट

ताई,

बोललो.

काल सकाळी दहाला शर्यत सुटली. मुलींची आधी, मग मुलांची. मैदान भरलेलं, फोटो नेहमीच्या जागी. मुख्याध्यापकांनी माझ्या हातात कर्णा दिला आणि कानात म्हणाले, "थोडक्यात बरं का, बक्षिसाची बकरी दोरी चावतेय." लोक आधीच डोळे पुसायच्या तयारीत.

मी गोळ्यांची पुडी वर धरली. ही कुणी बांधली, कुणासाठी बांधली आणि ती माझ्या बॅगेत का राहिली, ते सांगितलं. विमानतळावर दूध पिताना मला काय ठाऊक होतं, तेही सांगितलं. मुख्याध्यापक कर्णा घ्यायला पुढे आले, तेव्हा म्हातारे गुरुजी, आमचे तेच, खुर्चीतूनच ओरडले, "बोलू दे त्याला! सात वर्षं मी वाट बघतोय. बेत मी आखला होता, तो कुणी मोडला ते मला कळू दे."

म्हणून मग तेही सांगितलं, जे तुला पत्रातही लिहिलं नव्हतं.

बारा फेऱ्या ओढून चेसिरे बाजूला झालाच नाही. पंधरा ओढल्या, अठरा ओढल्या. बाकीच्या देशांचे एकेक करून गळले. मी पुढे गेलो तेव्हा वाटलं, संपला तो. घंटा वाजली, मी पहिला होतो, लोक माझं नाव घेऊन ओरडत होते. आणि शेवटच्या वळणावर उजव्या खांद्यामागे पावलं आली. नाक ओढल्याचा आवाज आला. तापानं फणफणलेला माझा भाऊ त्याच्या त्या शेवटच्या उडीवर आला होता.

तो म्हणाला, "दादा, बाजूला हो."

ओरडून नाही. घरात दारात उभं असलेल्याला म्हणावं तसं.

मी बाजूला झालो नाही. उजवीकडे सरकलो. तो आणखी बाहेरून आला, मी आणखी सरकलो, कोपर काढलं. त्याची लय तुटली, तेवढ्यात नांदीकडचाही आतून त्याच्या पुढे गेला. चेसिरे तिसरा आला. पदक घेताना उभा राहिला, मैदानाबाहेर जायच्या बोगद्यात शिरताच खाली बसला, आणि पुन्हा उठला नाही.

ताई, टाळ्या नाहीत, शिव्या नाहीत. बकरीचा आवाज तेवढा येत होता. गुरुजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि माझ्याकडे बघितलं नाही. मुलींच्या शर्यतीत पहिली आलेली पोरगी बक्षीस घ्यायला माझ्यासमोर आली, थबकली, आणि वळून मुख्याध्यापकांच्या हातून घेतलं. आज गिरणीवर सकाळपासून तीनच बायका आल्या. कुणीतरी दारावरच्या 'सुवर्ण' या शब्दावर चिखल फासलाय. मी पुसला नाही.

जेलागाट मात्र रात्री जेवताना समोर बसली.

तू सांगितलंस ते केलं. आता नाव पाठव. कितीही भीती वाटली तरी त्याला त्या नावानं हाक मारीन.

किमोसोप


केरिचो, २० ऑगस्ट

किमोसोप,

ट्रकवाल्यानं मला सगळं सांगितलं, तुझ्या पत्राच्या आधी. गुरुजींनीही निरोप पाठवला.

सात वर्षं मी माझे हात बघत होते. कालपासून दवाखान्यात पुन्हा जायला लागले आहे. त्यापलीकडे तुझ्याबद्दल मला काय वाटतं ते आत्ताच विचारू नकोस. मलाच अजून कळलेलं नाही.

पोराचं नाव चेम्वेनो.

तुला खरं वाटणार नाही, पण चेसिरेला मी आधी हाक मारली. एकदा नाही, पुष्कळदा. लहानपणी मारायचे तशी, दटावून, लाडानं, जेवायला बोलवावं तशी. पोर माझ्याकडे बघत राहिलं. तो नाही आला. मग मी रडले. मग हाताला येतील त्या जुन्या माणसांना बोलावत गेले, कोगोला ठाऊक नसलेल्या, आणि आईच्या चेम्वेनो आजोबांना हाक मारताच हा शिंकला. तेच, जे आयुष्यात कधी धावले नाहीत, गुरं पुढे जाऊ द्यायचे आणि मागून शीळ घालत यायचे. तुझं पोर तुझ्या खांद्यावरून मागे बघतं, कारण त्याला कसलीही घाई नाही. त्याला भिऊ नकोस. त्याला कडेवर घे.

चेसिरे कुणाच्याही पोटी आलेला नाही. तुझं खरं आहे, तो अजून पळतोय. त्याची शर्यत तू अडवलीस तिथंच ती थांबली आहे.

तुंबा मी आणला, घासला, नवा कोळसा लावला, त्याच्यासाठी दूध भरलं. पत्र मिळालं की दुसऱ्या सकाळी तू रस्त्यावर जा. चालू नकोस, पळ. पावलं येतील. त्या वेळी कुंपणाला चिकटू नकोस.

बाजूला हो. त्याला जाऊ दे. पुढे मी उभी आहे.

जेबिवोट